तुम्ही विचारलंत म्हणून: तपासून सोडलेले यंत्र पुन्हा का तपासायचे?

कक्षेतून हरितगृह वायू मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरांच्या (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रांच्या) कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्यांची वाचने बरोबर आहेत का हे तपासण्याचे, काम मी करतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: प्रयोगशाळेत कसून तपासून सोडलेले यंत्र वर गेल्यावर रोज पुन्हा का तपासावे लागते?

कारण हवेतला बदल आणि यंत्रातला बदल नोंदींमध्ये सारखेच दिसू शकतात. हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू आता 420 च्या वर गेले आहेत आणि अलीकडे ते वर्षाला साधारण अडीचने वाढतात. जुलै 2014 मध्ये सोडलेला नासाचा उपग्रह ओसीओ-2 कार्बन डायऑक्साइड थेट मोजत नाही. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात 1.61 आणि 2.06 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास या वायूमुळे ज्या बारीक काळ्या रेषा पडतात, त्यांची खोली तो 0.76 मायक्रॉनजवळच्या ऑक्सिजनच्या रेषांशी ताडून पाहतो. तरंगलांबींचा सगळा पट्टा सारखाच मंद झाला तर फारसे बिघडत नाही, कारण रेषेची खोली शेजारच्या प्रकाशाच्या तुलनेतच ठरते. मात्र कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात शून्याची पातळी, म्हणजे प्रकाश नसतानाचे वाचन, किंचित जरी वर सरकली, तरी रेषा उथळ भासते आणि वायू असतो त्याहून कमी निघतो. अशी चूक वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेली, तर ती हवेचीच गोष्ट म्हणून वाचली जाईल, ही माझी खरी धास्ती आहे.

यंत्र बदलते तरी कशाने? ओसीओ-2 चे डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, उणे दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेले असतात, आणि यंत्राच्याच भागांतून सुटणारी पाण्याची वाफ त्यांच्यावर गोठते. मग ते गरम करून तो अतिपातळ बर्फ घालवावा लागतो व तेवढा काळ मोजणी थांबते. तेज तपासण्यासाठी डिफ्यूझरमधून, म्हणजे प्रकाश सारखा पसरवणाऱ्या पडद्यातून, सूर्याकडे पाहतात, पण तो डिफ्यूझरही उन्हाने मंद होत जातो, म्हणून चंद्राची साक्ष काढतात. चंद्राचे तेज कलेप्रमाणे बदलते खरे, परंतु ते गणिताने सांगता येते आणि त्याच्या पृष्ठभागावर हवामानाचा परिणाम नसतो.

तरीही जमिनीवर उभे राहून मोजमापे घेण्याला आणि ती उपग्रहाच्या वाचनांशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये ओसीओ-2 च्या आधीचा मूळ ओसीओ उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याची मंडळी जपानच्या गोसॅट या हरितगृह वायू मोजणाऱ्या उपग्रहाच्या मंडळींसोबत अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातल्या रेलरोड व्हॅलीत, एका कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर, मोजमापे घ्यायला गेली. आपला उपग्रह गमावून लगेच दुसऱ्याच्या उपग्रहासाठी उन्हात उभे राहणे मला फार मोठे वाटते.

या कामात हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने आधी पांढऱ्याशुभ्र प्रमाण-फलकाचे वाचन घ्यायचे, मग भेगाळलेल्या मातीचे, आणि ठरावीक पावले चालून पुन्हा फलकाचे. फलकावर स्वतःची सावली पडू द्यायची नाही, बोट तर लावायचेच नाही. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जातो. त्या वेळी एखादा विरळ ढग सूर्याआड आला, तर सकाळपासून जमवलेली वाचने त्या फेरीच्या तुलनेसाठी वापरता येत नाहीत, आणि उपग्रह पुन्हा त्या जागेवर येईपर्यंत थांबावे लागते.