माहेरचा गोठा, व्हाया गंगावेश

भाऊबीजेला माहेरी जायचं तर पाडव्याच्या सकाळीच कोल्हापुरात पोचायचं, हा माझा हट्ट असतो. कारण म्हशी. दिवाळी पाडव्याला इथले गवळी आपापल्या म्हशी नटवून पंचगंगेच्या बाजूला आणतात. अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी, रंगवलेली शिंगं, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर गोंडे आणि मोरपिसं. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, आणि त्या फाडफाड आवाजामागं त्याची म्हैस मान वर करून पळत येते. ना कासरा, ना काठी. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, शिट्ट्या, हलगी, तरी ती दुसऱ्या गाडीमागं जात नाही. म्हैस मंद असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा इथं येऊन उभं राहावं.

तिथून मी गंगावेशीत जाते, दूध कट्ट्यावर. म्हशी ओळीनं उभ्या असतात, तुम्ही पेला मागितला की गवळी खाली बसतो आणि धार थेट पेल्यात. वर बोटभर फेस. दूध अजून अंगाच्या उबेचं असतं. गंगावेस तालीम जवळच असल्यानं कट्ट्यावर पैलवान हमखास भेटतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, तालमी वाढल्या आणि धारोष्ण दुधाला गिऱ्हाईक कायमचं मिळालं. पण हा कट्टा चालतो तो पंढरपुरी म्हशीमुळं. तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली शिंगं असलेली ही आपल्या भागातली जात. तिची खुबी अशी की ती दिवसातून अनेकदा, थोडं थोडं दूध देते. गिऱ्हाईक आलं की पेलाभर, पुन्हा आलं की पुन्हा पेलाभर. बाकीच्या बऱ्याच म्हशींचा पान्हा एकदा गेला की गेला, मग तुम्ही कितीही थोपटा.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी गोठ्यातच वाढले.

कोल्हापूर सोडून राधानगरी रस्त्याला लागलं की पुईखडी, मग हळदी, परिते. डावी-उजवीकडं ऊस, मध्येच भात कापणीला आलेला. भोगावती कधी जवळ येते, कधी लांब जाते. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं, त्या पाण्यावर हा सगळा पट्टा हिरवा झाला. ऊस आला म्हणून वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे आले, वाडं आलं म्हणून दारात म्हैस उभी राहिली. कारखाना सुरू झाला की आबा तोडीच्या फडातून वाड्याचे भारे सायकलला बांधून आणायचे. उन्हाळ्यात शाळूचा कडबा. पावसाळ्यात बांधावरचं गवत, त्याचा भारा आईच्या डोक्यावर, आणि भाऱ्यातून गळणारं पाणी तिच्या पाठीवर.

आमच्याकडं लहान-मोठी मिळून सहा-सात जनावरं असायची. घराच्या सोप्यात शिरलं की एका बाजूला माणसं, एका बाजूला गोठा, मध्ये कमरेएवढी भिंत. रात्री जाग आली की रवंथ ऐकू यायचा. आईचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. शेण ओढायचं, मुताची नाली झाडायची, गव्हाणीत वैरण टाकायची, घमेल्यात सरकी पेंड आणि भुसा भिजवून आंबोण करायचं. मग रेडकू सोडायचं. ते कासेला ढुशा देतं, चार घोट पितं, म्हैस पान्हवते, आणि नेमक्या त्या वेळी त्याला ओढून खुंट्याला बांधायचं. हे ओढायचं काम माझं. मला ते अजिबात आवडायचं नाही. त्याच्या तोंडाला फेस असायचा आणि ते माझ्या फ्रॉकचा घोळ चोखत राहायचं.

आई शेवटच्या धारा रेडकासाठी सडात राखायची. आबांचा त्याला विरोध असायचा, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त. ते दूध रेडकाच्या पोटात गेलं की गावच्या दूध संस्थेत फॅट कमी लागणार आणि दर पडणार. आई ऐकून घ्यायची आणि सड सोडून उठायची.

आई धार अंगठा दुमडून काढायची. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर घट्टे होते, काळपट, गुळगुळीत. जनावरांचे डॉक्टर सांगायचे की अंगठा दुमडू नका, सडाला इजा होते, पूर्ण मुठीनं पिळा. पण तिच्या आईनं तिला तसंच शिकवलेलं, हात बदलला नाही. आज तिचे तेच अंगठे दुखतात, थंडीत भाकरी थापताना हात थांबतो.

चांदी नावाची आमची एक म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका. आईशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. आई एकदा दवाखान्यात होती तेव्हा चांदीनं दूध चोरलं. आबा बसले की आखडून धरायची, कास गच्च भरलेली आणि बादलीत पावशेर. घाबरलेल्या किंवा बावरलेल्या जनावराला पान्हा फुटत नाही, आणि कास रिकामी झाली नाही तर ती सुजते, म्हणून घरात सगळ्यांना काळजी. तिसऱ्या दिवशी आबांनी आईचं लुगडं धोतरावरूनच गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसले. चांदीनं मागं वळून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पान्हा सोडला. आबा खाली मान घालून धार काढत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आमच्या भागात असं लुगडं नेसून धार काढलेले पुरुष बऱ्याच घरांत सापडतील.

धार झाली की किटली घेऊन संस्थेत पळायचं. मापाड्याच्या समोर रांग, पोरंच जास्त. दूध मोजलं की छोट्या बाटलीत नमुना. मला ती टेस्टिंगची खोली फार आवडायची. काचेच्या जाड नळीत आधी ॲसिड, मग दूध, मग थोडं अल्कोहोल. नळी हलवली की आतलं सगळं तपकिरी होऊन तापायचं, ती फडक्यात धरावी लागायची. मग यंत्रात गरगरा फिरवून बाहेर काढली की वर पिवळसर तेलासारखा थर, तो किती रेघांपर्यंत आला ती फॅट. ‘सात लागली’ म्हटलं की मी उड्या मारत घरी.

गावोगावच्या अशा संस्थांचं दूध कोल्हापूरच्या संघात जातं. गोकुळ संघ 1963 चा. गोकुळ शिरगावच्या डेअरीतून आमच्या म्हशींचं दूध मुंबईला जायचं. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध दर दहा दिवसांनी. किराणा, दवाखाना, माझ्या वह्या, एसटीचा पास, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलावर. आणि दिवाळीच्या तोंडावर फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावरचा वाढीव दर, यायचं, तेव्हा कपडे. माझं कॉलेज दुधावर झालं हे मी कुणालाही सांगते.

एवढं सगळं आईनं केलं, पण संस्थेच्या वहीत तिचं नाव कधी नव्हतं. सभासद आबा, बिल आबांच्या नावे, वार्षिक सभेला लाडू-चिवडा खायला आबा. आबा चांगले होते, पैसे आईच्याच हातात आणून द्यायचे. तरी हे चूक होतं, आणि गावात घरोघरी तसंच होतं. धार बाईनं काढायची आणि सही बाप्यानं करायची. दुधाच्या धंद्यानं कोल्हापूरचा शेतकरी सावरला असं भाषणांत ऐकते तेव्हा मला त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पदर दिसतो.

यंदा गेले तर जुना गोठा पाडलेला. दादानं मागं पत्र्याची उंच शेड घातलीय, खाली रबराच्या मॅट, धार काढायला मशीन. दोन मुऱ्हा जातीच्या म्हशी, आखूड वळलेल्या शिंगांच्या, आणि कोपऱ्यात एक पंढरपुरी, आईची. शेणी, म्हणजे गोवऱ्या, मात्र अजून थापल्या जातात. कोल्हापूरच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात, तिथं लोक शेणी दान करतात. दादा होळीला ट्रॉलीभर पाठवतो.

संध्याकाळी वहिनीबरोबर संस्थेत गेले. आता दूध यंत्रात ओतलं की क्षणात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, सगळं छापून चिठ्ठी हातात. वरती सभासदाचं नाव. वहिनीचं.

“कवापास्नं गं?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली वन्सं. आत्तींनीच धरून बसवलं ह्यांना. म्हनाल्या, जी धार काढती तिच्या नावावर खातं, न्हाईतर माझी म्हस मी इकून टाकीन.”

ओवाळणी, जेवण झालं आणि सोप्यात विषय निघाला आणखी एक म्हैस घ्यायचा. दादाला हरियाणातून मुऱ्हा आणायचीय, दूध दुप्पट म्हणून. वहिनी हिशेब घालत होती, पेंडीचा भाव काय, वैरण किती लागंल, कर्जाचा हप्ता बिलातनं कापला तर हातात किती उरंल.

आई अंगठ्याला तेल चोळत बसलेली. म्हणाली, “मुऱ्हा खाती बी तशीच. आनि आजारी पडली की डाक्टर हाय का तुझा रातीचा? पंढरपुरी आन.”

“आई, पंढरपुरीला दूध किती?”

“कागद तिच्या नावावर हाय न्हवं?” आई वहिनीकडं बोट दाखवत म्हणाली. “मग तिला इचार.”

वहिनीनं वही पुढं ओढली आणि पेंडीचा आकडा पुन्हा मांडायला घेतला.