तुम्ही विचारलंत म्हणून: धम्म आणि झाड

“बौद्ध धम्म पर्यावरणवादीच ना?” नागपुरात वृक्षारोपण असलं की हा प्रश्न ठरलेला. हो म्हटलं की विचारणारा खूश. पण ते उत्तर अर्धंच.

भिक्खूने झाड तोडलं तर विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, पाचित्तिय लागतं; हा कबुली देऊन सुटणारा दोष. त्याचं कारणही वाचा. आळवी गावच्या भिक्खूंनी झाडं तोडली, लोक कुरकुरले, कारण लोक झाडात जीव मानत. त्या समजुतीचा मान राखून नियम आला. पूर्वी मी अशोकाचे लेख पुढे करायचो, रस्त्याकडेचे वड आणि विहिरी. आता करत नाही, तो राजाचा कारभार होता. आमचा पाण्याचा प्रश्न २० मार्च १९२७ चा, महाडच्या चवदार तळ्याचा. ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही, त्याला जलसंवर्धन कसलं शिकवता?

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवरचं भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी बंद पाडलं, जाळपोळही झाली. त्याच दिवशी सरकारने स्थगिती जाहीर केली. बाहेरच्यांना वाटलं, भावना दुखावल्या. स्तूपाच्या पायाची धास्ती होतीच, पण तिथल्या बोधिवृक्षाचं, म्हणजे पिंपळाचं, बघा. पिंपळाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे जातात. म्हणजे खोडापासून लांब खणलं तरी ती कापली जातात. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसत राहिलं की भोवतालची माती सुकते. काळी माती असली तर आकसते, भेगाळते आणि उरलेली मुळंही तुटतात. झाड लगेच मरत नाही. शेंडे वाळायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. लोकांची भीती भाबडी नव्हती. (जाळपोळीचं समर्थन माझ्याकडून मिळणार नाही.)

आता आमचंही ऐका. वस्तीतल्या विहारात पिंपळ भिंतीपासून चार फुटांवर लावायचा, बुंध्याला चिकटून सिमेंटचा ओटा, वर टाइल्स. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. मग मुळं फरशी उचलतात, भिंतीच्या पायात शिरतात आणि कुऱ्हाड आपणच काढतो. निदान तीस फूट लांब लावा, बुंध्याभोवती चार-पाच फूट माती उघडी ठेवा, पहिले दोन उन्हाळे पाणी घाला.

यावर समितीवाले विचारतात, पौर्णिमेला वंदनेला बसायचं कुठे? मुरुमावर सुट्या विटा अंथरा म्हणावं, तर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात.