मामाचा पाय किती बिघडलाय, मोजायचं कशानं?

मदुरा फूट (काट्याच्या जखमेतून बुरशी किंवा बॅक्टेरिया शिरून पाय हळूहळू पोखरणारा रोग) किती वाढलाय हे "दुखतंय का?" विचारून कळत नाही. मामाला कुणीही विचारू दे, उत्तर एकच, "दुखत नाही गा, नुसतं जड वाटतंय." म्हणजे दुखण्याला दहापैकी शून्य. खानापूरकडची भातशेती, पावसाळाभर अनवाणी चिखलात, कधीतरी काटा रुतला असणार, मग वर्षानुवर्षं तळपायाला गाठ आणि आता भोकं पडून पू येतोय, पुवातून खसखशीएवढे काळे दाणे पण पडतात. तरी दुखणं शून्य!

डॉक्टर बऱ्याचदा गाठीच्या आकारावर जातात. ५ सेंटिमीटरच्या आत लहान, ५ ते १० मध्यम, १० च्या वर मोठी. सोपं आहे, टेप कुठल्याही दवाखान्यात मिळतो. पण हा रोग आतल्या आत सरकतो, वरून गाठ तेवढीच आणि खाली हाड पोखरलेलं, असं होतंय. मामाची गाठ टेपनं मध्यममध्ये बसली आणि एक्सरे काढला तर टाचेच्या हाडात पोकळ्या. मग खरं काय मानायचं? मी तर हाडाचंच मानतो. एमआरआयमध्ये अजून स्पष्ट दिसतं, गोल पांढरट ठिपका आणि मधोमध काळा टिंब, पण त्यासाठी बेळगाव गाठायचं, रोजगार बुडवायचा, पैसे भरायचे, कोण करतंय?

आणि दाण्याचा रंग तर टेपला कळतच नाही. काळे दाणे म्हणजे बुरशी, मग इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) महिनोन्महिने आणि बऱ्याचदा ऑपरेशन पण. लाल म्हणजे बॅक्टेरिया, त्याला अँटिबायोटिक बऱ्यापैकी लागू पडतात. पांढरे-पिवळे दोन्हीतले कुठलेही असू शकतात, ते लॅबमध्येच कळतं. म्हणजे दोघांची गाठ ८-८ सेंटिमीटर असली तरी दोघांचं भविष्य एक नाही.

गंमत म्हणजे हा रोग आपल्याच देशात पहिल्यांदा नीट अभ्यासला गेला. मदुराईवरनं नाव पडलं, आणि मुंबईत नोकरीला असलेल्या व्हॅनडाइक कार्टरनं १८७४ ला यावर अख्खं पुस्तक काढलं (ग्रेज अ‍ॅनाटॉमीतली चित्रं काढणारा तोच). जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत यायला मात्र २०१६ उजाडलं.

मला सगळ्यात पटलं ते मामीचं माप. "गेल्या पावसाळ्यात याच चपलेत पाय जात होता की, आता पट्टा लागत नाही." हे केसपेपरवर कुठंच नाही! बांधावर चढता येतंय का, चप्पल बसतेय का, दुर्गंधीमुळं लग्नाकार्याला जायचं टाळतोय का, हे पण लिहायला पाहिजे ना? म्हणून आम्ही आता वही घातलीय. घोट्याखाली ठरलेल्या जागी टेप लावायचा, उघडी भोकं किती ते मोजायचं, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, आणि चप्पल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं मामीलाच आत पाठवणार आहे, वही तीच लिहिते.