खगोलभौतिकीच्या पीएचडी प्रवेशाचा माझा अनुभव

खगोलभौतिकीत पीएचडी करायची हे मी एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ठरवले होते. आमच्या विभागात या विषयाचे प्राध्यापक नसल्यामुळे प्रवेशाची वाट मला बरीचशी स्वतःच शोधावी लागली. भारतात या प्रवेशासाठी खगोलशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्राचीच तयारी जास्त लागते, हे तेव्हा लक्षात आले. ‘जेस्ट’ या सामाईक चाळणी परीक्षेत अभिजात यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय भौतिकी यांवरच भर असतो. त्यामुळे ताऱ्यांविषयीचे वाचन काही महिने बाजूला ठेवून मी फक्त गणिते सोडवत राहिलो.

जेस्टमध्ये चांगला क्रमांक आला म्हणजे प्रवेश झाला, असा समज अनेकांचा असतो, पण तसे नसते. पुण्याची आयुका (खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र) आणि एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र), बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था, नैनितालची एरीज (आर्यभट्ट वेधशाळा संशोधन संस्था) अशा प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ती संस्था स्वतः ठरवते. शिफारसपत्रांसाठी मी प्रकल्पाचे मार्गदर्शक असलेल्या सरांना वेळेत भेटलो. माझ्या उद्देशपत्रासाठी त्यांचा सल्ला असा होता की आकाशाच्या ओढीविषयी कमी लिहावे आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाविषयी अधिक. केपलर या अंतराळ दुर्बिणीच्या सार्वजनिक निरीक्षणांवरून एका परग्रहाच्या अधिक्रमणाचा प्रकाशवक्र, म्हणजे दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना ताऱ्याचा प्रकाश किती घटतो याचा आलेख, मी काढला होता. त्यातील गोंगाट कसा कमी केला, एवढ्यावरच मी एक पूर्ण परिच्छेद लिहिला.

खरी परीक्षा मुलाखतीतच होते. फळ्यापाशी उभे करून मला विचारण्यात आले की नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने किती बारीक तपशील दिसेल. हायड्रोजनकडून येणाऱ्या रेडिओ रेषेची तरंगलांबी २१ सेंटीमीटर आणि सर्वांत दूरच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. तरंगलांबीला अंतराने भागले की उत्तर कोनाच्या मापात सुमारे २ विकला येते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). लगेच पुढचा प्रश्न आला, की एकेका अँटेनाचा व्यास ४५ मीटर असेल, तर तिला एका वेळी किती आकाश दिसते? तोच भागाकार ४५ मीटरने केल्यावर सुमारे १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग), म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मे. त्यानंतरचा प्रश्न मला सर्वांत आवडला: बारकावा जर सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमुळे मिळतो, तर ३० अँटेना कशाला उभारल्या? मी थोडा वेळ मागून घेतला आणि मोठ्याने विचार करत सांगितले की अँटेनांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा फक्त एक फुरिए घटक मोजते, म्हणजे चित्र ज्या लहानमोठ्या लहरींच्या बेरजेने बनते त्यांतली एकच लहर. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, त्यामुळे चित्र भरत जाते, शिवाय अंधूक स्रोतही टिपता येतात. मग १४ अँटेना मध्यभागी जवळजवळ का ठेवल्या आहेत, असे त्यांनी विचारले. पसरट, मोठ्या आकाराचे स्रोत टिपायला कमी अंतराच्या जोड्या लागतात, हे उत्तर त्यांनी मला एकेक पायरी विचारत माझ्याकडूनच काढून घेतले. समितीला पाठ केलेल्या उत्तरात रस नव्हता. अडलेल्या जागेवरून मी पुढे कसा सरकतो, हे ते पाहत होते, आणि अशी मुलाखत मला अत्यंत न्याय्य वाटते.

घरच्यांची काळजी वेगळी होती. एवढी वर्षे शिकताना खर्च कसा भागणार, असे बाबांनी विचारले. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती ४२,००० रुपये झाली आहे, हे सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही.

निवडीचे पत्र आल्यावर समजले की आधी अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि मार्गदर्शक त्यानंतर ठरवायचा. कमी वारंवारतेच्या रेडिओ निरीक्षणांवर काम करण्याची इच्छा मी प्रवेशाच्या वेळीच नोंदवून ठेवली आहे.