ज्ञानेश्वरीचा ज्ञ

गावच्या वाचनालयाच्या स्पर्धेची २१४ प्रमाणपत्रं आज पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या 'पिलो' या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीने (म्हणजे तयार कोडच्या संचाने) तयार केली. एक कोरं चित्र, मुलांच्या नावांची यादी आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' फॉन्ट. सगळं मुक्त आणि फुकट.

पहिलं प्रमाणपत्र उघडलं आणि पोटात गोळाच आला. 'ज्ञानेश्वरी'चा ज्ञ फुटून ज, खाली लोंबता हलन्त आणि शेजारी ञा. 'निखिल'मधल्या वेलांट्या अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसलेल्या. पोरीला तिचंच नाव मोडून कसं द्यायचं?

दुपारभर शोधल्यावर कळलं, पिलोची साधी मांडणी अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवते. जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि पिलो त्याच्यापर्यंत राक्म या दुसऱ्या लायब्ररीतून पोचते. माझ्या मशीनवर राक्मला लागणारी फ्रिबिडी या आणखी एका लायब्ररीची फाइलच नव्हती. ती टाकली, पुन्हा चालवलं आणि ज्ञ अखंड उमटला! आईला हाक मारून दाखवला.

लांब नावांसाठी आधी रुंदी मोजून फॉन्ट लहान करणं हे मग पाच ओळींचं काम.

ज्या अनोळखी लोकांनी आपल्या लिपीसाठी हे लिहून ठेवलंय, त्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळी छपाई.