ताजच्या गोष्टीतला व्हिलन

जमशेटजी टाटांना मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलच्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधलं, ही गोष्ट व्हॉट्सॅपवर फिरतच असते. ठोस पुरावा काही नाही तिला आणि मला तर ती जरा फिल्मीच वाटते. हॉटेल गोऱ्यांसाठीच होतं हे खरं, पण या गोष्टीपायी वॉटसन्स नुसतं व्हिलन म्हणूनच लोकांच्या डोक्यात राहिलं ना!

काळा घोड्याला ती बिल्डिंग अजून आहे, एस्प्लनेड मॅन्शन नावाने. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी, त्याने काय केलं तर अख्ख्या बिल्डिंगचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून घेतला, तुकडे जहाजात घालून मुंबईला आणले आणि 1867 ते 1869 मध्ये इथे जोडले, म्हणजे मेकॅनोचा सेटच की! डिझाइन रोलंड ऑर्डिशचं, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावर काम केलेला इंजिनिअर. भिंतींवर भार नाही, सगळा लोखंडी खांबांवर, त्या काळात मुंबईत असलं काही बघायला लोक नुसते थांबत असणार. बरं, लोखंड तिकडचं ते ठीक, वेट्रेससुद्धा विलायतेहून आणलेल्या!

आणि सिनेमा. 7 जुलै 1896, सिनेमाचे खेळ सुरू करणाऱ्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता इथे उतरला आणि वॉटसन्समध्ये भारतातला पहिला शो झाला, तिकीट एक रुपया, त्या काळचा एक रुपया हां. पॅरिसच्या पहिल्या शोला तेव्हा जेमतेम सहा महिने झालेले. आठवडाभरात शो नॉव्हेल्टी थिएटरला हलले आणि तिथे चार आण्यापासून तिकिटं होती, म्हणजे आपल्यासारख्यांची सोय तिथे झाली.

1903 ला ताज उघडलं, वॉटसन्सची रया जात गेली, पुढे हॉटेल बंद. मग खोल्यांचे गाळे, कोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं, जिन्यात वायरींची जाळी. 2005 ला एक बाजू कोसळून माणूस गेला, 2019 ला म्हाडाने बिल्डिंग रिकामी केली. आयआयटीचा रिपोर्ट म्हणाला पाडा, हेरिटेजवाले म्हणाले दुरुस्त करा. मी हेरिटेजवाल्यांच्या बाजूने आहे, कारण तुकडे जोडून उभी केलेली बिल्डिंग आहे ही, सडलेला तुकडा काढून नवा बसवायला कुठेतरी वाव असणारच की. खर्च प्रचंड येईल, मान्य. पण शहरात पैसा नाही असं कोणी सांगू नये.