फळ्यावरचा त्रिकोण हलत नाही

वर्गात नवं तंत्रज्ञान वापरायचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मग पोर्शन कधी संपवायचा?" हे कारण खोटं नाही. पण माझ्या बाबतीत त्याच्या आड दुसरंच काहीतरी दडलेलं होतं. फळ्यापुढे माझा हात अडत नाही. इतकी वर्षं भूमिती शिकवल्यावर अडायचं कारणही नाही. प्रोजेक्टरपुढे मात्र तोच हात एखादं बटण शोधत थबकेल, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होईल आणि सगळ्या वर्गाला कळेल की मॅडमना हे येत नाही, याची मला भीती होती.

ही भीती कुठल्या प्रशिक्षणाने गेली नाही. धीर दिला तो एका धड्याने. शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब, शिकवताना दरवर्षी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात. लघुकोन त्रिकोणात हा बिंदू आत असतो, काटकोन त्रिकोणात नेमका काटकोनाच्या शिरोबिंदूवर आणि विशालकोन त्रिकोणात बाहेर. मुलं हे तीन वेगळे नियम म्हणून पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात. खरं तर तो एकच बिंदू आहे, कोन बदलतो तसा तो सरकत जातो. मी फळ्यावर तीन आकृत्या काढणार, तर त्या तिन्हींच्या मधलं सरकणं त्यांना दिसणार कसं?

जिओजेब्रात ते दिसतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ साली हे सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, तेच मुळी गणित शिकण्या-शिकवण्यासाठी. शाळेत वापरायला ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. त्यात असंख्य बटणं आहेत. मी त्यांतली तीन शिकले: बहुभुज, लंब रेषा आणि छेदनबिंदू. बाकीच्यांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. माझ्या त्या तासाला तेवढीच लागणार होती.

वर्गात मी त्रिकोण काढला, तिन्ही लंब रेषा घातल्या आणि एक शिरोबिंदू पकडून हळूहळू ओढत नेला. छेदनबिंदू सरकत शिरोबिंदूपाशी आला, क्षणभर त्याच्यावर बसला आणि बाहेर पडला. "परत, परत!" असा एकच गलका झाला. मग मी बाजूला झाले आणि ओढायचं काम मुलांकडे दिलं.

आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी मी कसलीच तयारी केली नव्हती. एकाने तिन्ही कोनांची मापं पडद्यावर आणली, बेरीज केली आणि म्हणाला, "मॅडम, १८०.०१ येतंय." वर्ग माझ्याकडे पाहू लागला. पडद्यावर ६०.३४, ५९.३४ आणि ६०.३३ असे आकडे होते. मला त्या सॉफ्टवेअरची फारशी माहिती नव्हती, पण त्रिकोणाची आणि आकड्यांची होती. दोनच दशांश स्थळं दिसताहेत, म्हणजे पुढचे अंक कुठेतरी दडलेत, एवढं माझ्या लक्षात आलं. सेटिंग कुठे असेल ते मी मुलांनाच विचारलं. एकीने शोधून काढलं आणि मापं झाली ६०.३३६, ५९.३३६, ६०.३२८. बेरीज बरोबर १८०! जवळच्या किमतीत मांडलेल्या संख्यांची बेरीज का घसरते, हे मी कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी ते त्यांनी स्वतः पकडलं.

माझी भीती विरली ती तिथे. बटण मुलांनी शोधलं, पण ते का शोधायचं हे मला माहीत होतं. वर्गात शिक्षकाची गरज या दुसऱ्या गोष्टीसाठी असते, असं मला मनापासून वाटतं. मुलांचे हात आपल्यापेक्षा भराभर चालतात, चालू द्यावेत.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. पुढच्या तासाला आम्ही मध्यगासंपात (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याशी जोडणाऱ्या तिन्ही रेषा मिळतात तो बिंदू) आणि परिवर्तुळाचं, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं, केंद्रही त्याच आकृतीत आणलं. कसाही ओढा, हे दोन आणि शिरोलंबांचा छेदनबिंदू असे तिन्ही बिंदू एका रेषेत. (समभुज त्रिकोणात ते एकमेकांवरच बसतात, हे मुलांनी लगेच हेरलं.) "मॅडम, सिद्ध झालं!" अशी आरोळी आली आणि तिथे मी प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावर हजार त्रिकोण पाहिले तरी ती सिद्धता होत नाही; हजार-एकावा त्रिकोण आपण पाहिलेला नसतो. ही रेषा अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवली आणि ती सगळ्या त्रिकोणांना का लागू पडते, हे कागदावरच पटवावं लागतं. आम्ही खडू हातात घेतला. सगळ्यांना ती सिद्धता झेपली नाही, अभ्यासक्रमात ती नाहीच. पण "असं का होतं?" हा प्रश्न वर्गातून आला, आणि तो पडद्यावरच्या त्या हालचालीमुळे आला.

ज्यांचा पाय अजून उंबऱ्यात अडला आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की साधनापासून सुरुवात करू नका. वर्षानुवर्षं शिकवूनही जो मुद्दा मुलांच्या चेहऱ्यावर उमटत नाही, तो आधी निवडा. त्या एका मुद्द्याला मदत करील एवढंच साधन शिका. आकृती घरी तयार करून फाइल जतन करून ठेवा आणि वीज गेली तर त्याच जागेवरून फळ्यावर पुढे कसं जायचं हे आधी ठरवून ठेवा. माझ्या हातात खडू असतोच. त्याने मला मोकळेपणाने प्रयोग करता येतो.

पुढच्या सत्रात संभाव्यता आहे. मुलं फासा वीस-तीस वेळा टाकतात, सहा कधी खूप पडतात, कधी पडतच नाहीत, आणि १/६ वर कुणाचाच विश्वास बसत नाही. स्प्रेडशीटमध्ये दहा हजार वेळा फासा टाकून पाहायचा आहे. सूत्र कसं लिहायचं ते मी अजून शिकते आहे, पण वर्गाला तासाची तारीख सांगून टाकली आहे.